दसऱ्याचा बार

वडिवळ्यात दसऱ्याची शस्त्रपूजा झाली की अंबाजी देवळापुढं घरची ठासणीची बंदूक उडवायचा. पणजोबांची, नळीवर चांदीची वेल असलेली. धाकटा भाऊ सुहास लोणावळ्यात राहायचा. भुशीच्या रस्त्याला त्याचं हॉटेल. यंदा त्यानं पुण्याहून एक जाणकार आणला. अशी बंदूक आता मिळत नाही, आणि नळीला मागं चीर गेलीय, असं तो सांगून गेला.

“ही आता काचेत ठेवायची,” सुहास म्हणाला.

“तुज्या हॉटेलात. म्हंजी गिऱ्हाइकं फोटू काढतील. चीरबीर काय न्हाई, तुला बंदूक पायजे.”

“फुटली तर हात जाईल तुझा.”

“माजा हात हाय. तुला काय?”

आई, बयाबाई, मध्ये पडली तर दोघंही तिच्यावरच उखडले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंबाजी भाताच्या खाचरात होता. सुहास गुपचूप आला आणि जिच्या ठिणगीनं आतली दारू पेटते ती टोपी बसते तिथल्या बारीक भोकात त्यानं वितळलेलं शिसं ओतलं.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. अंबाजीनं दारू ठासली, टोपी चढवली, चाप ओढला. टोपी फुटली, बार झालाच नाही. दुसरी टोपीही तशीच गेली. मग त्यानं वाकून पाहिलं. शिसं चकाकत होतं. त्यानं गर्दीत भावाला शोधलं आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

“घिऊन जा. आत दारू हाय. ती मी काढनार न्हाई.”

सुहासचा चेहरा उतरला. हातपंपाशी नेऊन त्यानं नळीत पाणी ओतलं. काळं पाणी त्याच्या नव्या सदऱ्यावर सांडलं. कुणीतरी हसलं.

लोणावळ्याच्या पावसात ती बंदूक हॉटेलात काचेतल्या काचेत आतून गंजली. पुढच्या दसऱ्याला सुहास ती गाडीत घालून पूजेला घेऊन आला. बयाबाईनं कुंकू उचललं, तर अंबाजीनं ताट तिच्या हातातून काढून घेतलं.

“मेलेली वस्तू ह्या घरात पुजत न्हाईत.”

“तुझे दोन्ही हात शाबूत आहेत, दादा. ते कुणामुळं?”

“तू न्हवतास तवाबी हुते,” अंबाजी म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

सुहास थोडा वेळ ओट्यावर बसला. आतून आईच्या रडण्याचा आवाज येत होता. मग तो उठून बंदूक घेऊन गाडीकडे गेला.