पहिला हात

आमच्या गावात कुठलंही काम पाटलाच्या हाताशिवाय सुरू होत नसे. होळीला पहिली काडी पाटलाची, पेरणीची पहिली मूठ पाटलाची, विहीर खणायची तर पहिली कुदळ पाटलाची. हिंमतराव पाटलाला या मानाचं भारी कौतुक. मानापायी माणूस किती आंधळा होतो ते पाहायचं असेल, तर अठ्ठेचाळीस सालचं आमचं गाव पाहावं.

त्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज नळदुर्गाकडून आली आणि निजामाचं राज्य बघता बघता आटोपलं. गावोगाव छाती काढून हिंडणारा रझाकारांचा कप्तान मोटारीत बसून हैदराबादेकडं पसार झाला. मागं राहिले ते त्याच्या नादी लागलेले गरीबगुरीब. आमचा मौलासाब पिंजारी त्यातलाच. कप्तानानं त्याच्या अंगावर खाकी चढवली, हातात काठी दिली, आणि जन्मभर कापूस पिंजलेला हा माणूस त्याच्या मागं मागं फिरला. शेजारच्या वाडीवर कप्तानानं आमच्या गावच्या उत्तरेश्वरच्या धाकट्या भावाला गोळी घातली, तेव्हा मौलासाब तिथं उभा होता. त्यानं मारलं नाही, पण अडवलंही नाही.

फौज आल्याचं कळताच तो पाटलाच्या पायावर येऊन पडला. बायकोमुलींना घेऊन सोलापूरला जातो म्हणाला. पळालास तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, असं पाटलानं त्याला समजावलं आणि चारचौघांदेखत शब्द दिला, "म्या हाय तवर तुज्या दाराला कुनी हात लावनार न्हाय." मौलासाबनं बायकोला मुलींसकट तिच्या माहेरी धाडलं आणि स्वतः त्या शब्दाच्या भरवशावर घरी राहिला.

दोन दिवसांनी भरदुपारी शंभर-दीडशे माणसांनी त्याच्या घराला वेढा घातला. हातांत कुऱ्हाडी, काठ्या, राकेलात बुडवलेले पलिते. मौलासाबनं आतून अडसर घातला होता. पण पुढं कोणी होईना. एवढं मोठं काम पाटलाच्या हाताशिवाय सुरू करायचं कसं? हसू येईल, पण खरं आहे. जीव घ्यायला जमलेलं गाव रीत मोडायला तयार नव्हतं.

उत्तरेश्वर पाटलाच्या घरी आला. भावाच्या दुःखानं त्याचे डोळे सुजले होते. "पाटील, गाव खोळंबलंय. तुमी म्होरं व्हा."

अंगात कणकण आहे असं सांगून पाटलानं त्याला वाटेला लावलं. आपण गेलोच नाही तर काही होणार नाही, असा त्याचा हिशेब. पण त्याला घरात बसवेना. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीबाईनं, चुलीपासून उठून सांगितलं की जा आणि लोकांना घरी पाठवा, तुमच्या शब्दाबाहेर गाव नाही.

पाटील म्हणाला, "आन् न्हाय ऐकलं तर?"

यातच सगळा पाटील आला. मौलासाबचं काय होईल याची भीती त्याला होती, नाही असं नाही. पण गावानं आपला शब्द खाली पाडला तर, ही भीती त्याहून मोठी होती. मला त्याचा राग येतो तो इथं.

उन्हं उतरताना उत्तरेश्वर पुन्हा आला. "लोक आण्णासाहेबाकडं गेल्यात. मान त्यास्नी द्यावा म्हनत्यात."

आण्णासाहेब म्हणजे पाटलाचा धाकटा चुलतभाऊ. पाटीलकीवर त्याचा डोळा आहे, असं पाटलाच्या मनानं कधीचं घेतलं होतं. पाटील उठला. खुंटीवरचा पटका काढून डोक्याला गुंडाळला. लक्ष्मीबाई दारात आडवी उभी राहिली, तिला बाजूला सारून तो निघाला.

पिंजाऱ्याच्या घरापुढची काही माणसं उठून उभी होती. पाटील दिसताच ती पुन्हा गोळा झाली आणि त्याला वाट करून दिली. पाटील आले, पाटील आले, असं जो तो म्हणू लागला. ते आत ऐकू गेलं असावं. कारण तेवढ्यात अडसर सरकल्याचा आवाज आला आणि दार आतून उघडलं. मौलासाब बाहेर आला. तो रडत होता आणि हसतही होता. त्यानं वाकून सलाम केला.

"आलात मालक. मला ठावं हुतं, तुमी येनार."

पाटलानं त्याच्याकडं पाहिलं नाही. उत्तरेश्वरनं पेटवून पुढं केलेला पलिता त्यानं घेतला आणि छपराला लावला. बाकीचं गावानं केलं.

दुसऱ्या दिवशी आण्णासाहेब पाटलाच्या घरी आला. जळक्याचा वास अजून गावातून गेला नव्हता. पाटील ओट्यावर एकटाच बसला होता. तो आपल्यावरच रागावलाय असं वाटून आण्णासाहेबानं आधी हात जोडले.

"दादा, लोक आलते माज्याकडं. म्या सरळ न्हाय म्हनलं. दादांचं पाऊल उचलंना, तितं म्या कोन? मग कुनीच पुडं हुईना. निम्मं लोक घराकडं निघालंबी हुतं. तेवड्यात तुमी आलात."