चोपन्न पायऱ्या

“अकरा,” बाबा म्हणाले आणि कठडा धरून थांबले. बाराव्या पायरीकडे त्यांनी असं पाहिलं, जणू ती रात्रीतून कुणी मुद्दाम खोल करून ठेवली आहे.

मी दोन पायऱ्या खाली उभी होते. ते पडलेच तर सावरायला. माझं वजन त्यांच्या निम्मंसुद्धा नाही. ते पडले असते तर सासरा-सून दोघंही बरोबरच खाली पोचलो असतो.

“आजच्यापुरतं पुरे ना, बाबा?”

“बारा होऊ दे.” त्यांनी डोळे मिटले. “बापा, बळ दे.”

उजवा पाय थरथरला, इंचभर सरकला आणि तिथेच राहिला. बाबा मटकन पायरीवर बसले. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत चोपन्न पायऱ्या होत्या आणि बाप्तिस्म्याचा रविवार चार दिवसांवर आला होता.

चौतीस वर्षं बाबांनी लोकांची घरं हलवली. फ्रिज, पलंग, एकदा तर चौथ्या मजल्यावर पियानो. खांद्यावर ओझं उचलायचा पट्टा घ्यायचा, क्षणभर डोळे मिटायचे, “बापा, बळ दे” म्हणायचं, की वस्तू जमिनीवरून सुटलीच. लग्नानंतर माझं लोखंडी कपाट त्यांनी एकट्याने पाठीवरून वर आणलं होतं, आतल्या कपड्यांसकट. “रिकामं कशाला करतेस पोरी, परत घड्या घालत बसशील,” म्हणाले होते. एकाच कामाला ते नाखूश असायचे. घर बदलताना एखाद्या आजारी माणसाला खुर्चीतून खाली आणायचं असलं की कुरकुरायचे. “त्यापेक्षा कपाट बरं. ते मधेच कठडा धरत नाही.”

माझी लेक जन्मली त्याच आठवड्यात अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. मग घरात दोन बाळं झाली. ती पालथी पडायला लागली तेव्हा हे बसायला लागले. ती बसायला लागली तेव्हा हे काठी घेऊन उभे राहिले. बाप्तिस्म्याची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली, कारण बाबांचं एकच म्हणणं होतं, “नातीच्या बाप्तिस्म्याला मी माझ्या पायांनी जाणार.” पाळकसाहेब म्हणाले, घरी येऊन करू. तेही नको.

“राहू दे,” आई म्हणाल्या. म्हणजे माझ्या सासूबाई. त्या बाबांच्या पायाला तेल चोळत होत्या. “अजून थोडं थांबू. मग नातच आजोबांना हाताला धरून नेईल चर्चमध्ये.”

“तुला थट्टा सुचते.”

“मग काय रडू? सात महिने ऐकतेय, बळ दे, बळ दे. देवाकडे सारखं बळच मागता. अहो, ते त्याच्यापाशीच असू द्या की. त्यालाच उचलू द्या एकदा.”

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. आईंनी तेलाची वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून, बराच वेळ ती एकच वाटी धूत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता लंबूला फोन केला. लंबू म्हणजे बाबांचा वीस वर्षांचा जोडीदार. पट्ट्याचं एक टोक बाबांच्या खांद्यावर असायचं, दुसरं याच्या.

रविवारी सकाळी तो आणखी दोघा हमालांना घेऊन दारात उभा राहिला. तिघांनीही इस्त्रीचे शर्ट घातले होते आणि खांद्यावर पट्टे होते.

बाबांनी आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तू बोलावलंस?”

“हो.”

“मला विचारलंस?”

“नाही. तुम्ही नाही म्हणाला असता.”

त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, आता मरेपर्यंत बोलणार नाहीत.

“उस्ताद,” लंबू हात असलेल्या लाकडी खुर्चीखालून पट्टा ओढत म्हणाला, “गाडी खाली उभी आहे. रुसायचं ते गाडीत रुसा.”

पुढे लंबू आणि माझा नवरा, मागे ते दोघं. खुर्ची उचलली गेली. मी बाळाला खांद्यावर घेऊन दोन पायऱ्या वर, मागोमाग निघाले. अकरावी पायरी गेली, बारावी गेली. कुणी मोजत नव्हतं. मी मोजत होते.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली आणि बाबांच्या चांगल्या हाताने झडप घालून कठडा धरला. खुर्ची जागच्या जागी फिरली. लंबूचा गुडघा भिंतीवर आपटला, माझ्या नवऱ्याचा पाय पायरीच्या काठावरून निसटता निसटता राहिला. सगळे ओरडले. कशीबशी खुर्ची खाली टेकली.

“परत न्या मला,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “कुणाचा तरी जीव जाईल माझ्यापायी. न्या परत वर.”

“कठडा सोडा ना, बाबा,” माझा नवरा म्हणाला.

“सुटत नाही रे!”

खरंच सुटत नव्हता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. चौतीस वर्षं त्या हाताने काही खाली पडू दिलं नव्हतं. आता त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं.

लंबू गुडघा चोळत त्यांच्यासमोर उकिडवा बसला. “उस्ताद, मला एक सांगा. तुमच्याबरोबर उचललेलं कपाट मी कधी पाडलं का?”

“नाही.”

“मग आज कपाट व्हा.”

मागच्या दोघांपैकी एकजण फिसकन हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी मान वळवून वर पाहिलं. एवढ्या आरडाओरड्यातही माझी लेक झोपली होती. तिचा हात माझ्या पाठीमागे लोंबत होता. मी कठड्याला टेकून वळले तसा तो त्यांच्या डोळ्यांसमोर आला. इवलासा, उघडा. काहीच न धरलेला.

त्यांनी डोळे मिटले. “बापा,” म्हणाले, आणि पुढे सवयीने ओठ हलले, पण शब्द आला नाही. वर दाराला कुलूप लावणाऱ्या आईंच्या किल्ल्यांचा आवाज थांबला.

“बापा, माझ्याने होत नाही. आता तूच ने.”

आधी करंगळी सुटली. मग एकेक बोट. तो हात त्यांनी मांडीवर ठेवला, तळवा वर करून, आणि म्हणाले, “उचला.”

लंबूने नंतर मला सांगितलं, त्या वळणानंतर खुर्ची हलकी लागली. मी म्हटलं, काहीतरीच. तो म्हणाला, “मला वजनातलं कळतं, वहिनी.”

चर्चमध्ये पाणी डोक्यावर पडताच लेकीने भोकाड पसरलं. बाबा पहिल्या बाकाशेजारी खुर्चीत बसून होते. प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले. त्यांचा एकच हात चालत होता, तो एकटा जोडता येण्याजोगा नव्हता. तो तसाच मांडीवर उघडा होता.

दुपारी परत आलो. लंबूने ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायची खूण केली. बाबा गाडीतच झोपी गेले होते. त्यांना न उठवता चौघांनी खुर्चीत ठेवलं, पट्टे लावले आणि पावलं मोजत वर चढू लागले. बाबांची मान लंबूच्या खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची तिरकी झाली. बाहेर लोंबणारा त्यांचा चांगला हात कठड्यावरून घासत गेला.

बोटं मिटली नाहीत.