मागाची खोली

डोमाजीने मागावरचा शेवटचा ताणा कापला आणि सुटलेली सुतं मुठीत गोळा केली. दारात हेडमास्तर खुशालराव सरकारी पत्राची घडी करत होते.

"गुरुजी, जूनपासून नववीला विज्ञान सक्तीचं आहे. प्रयोगशाळा नसली तर हायस्कूलची मान्यता जाईल. आपल्याजवळ दुसरी खोली नाही."

"अन् विणकाम?"

"ते काढलं."

बाळापूरजवळच्या त्या शाळेत डोमाजी बारा वर्षं विणकाम शिकवत होता. चार गावची पोरं त्याच्या हाताखाली धोटा फेकायला शिकली होती. वर्गातल्या सतरंज्या याच खोलीत विणलेल्या होत्या. आता खुशालरावांनी त्याला दोन वाटा सांगितल्या. धारणीकडे, मेळघाटातल्या एका नव्या शाळेत, विणकामाचा शिक्षक हवा होता. ती शाळा चौथीपर्यंतच होती. नाहीतर इथेच, याच खोलीत, प्रयोगशाळेचा शिपाई.

"सोमवारी सांगा," खुशालराव म्हणाले. जाताना त्यांनी मागाच्या लाकडावरून एकदा हात फिरवला. "आणि तेवढा खिडकीसाठी काळा पडदा शिवून द्या. उजेडाच्या प्रयोगाला अंधार लागतो म्हणतात."

घरी भागीरथा तूर पाखडत होती. नवऱ्याचं बोलणं तिने सूप न थांबवता ऐकलं.

"धारणीले चला. तिथं गुरुजी राहाल. इथं त्याच खोलीत पानी भराल, काचा धुवाल. मले नाई पाहवनार."

"अन् ललिता?"

"आठवी झाली तिची. आता लगन पाहू."

नागपूरहून धम्मदीक्षा घेऊन आले त्या वर्षी त्यांची ललिता पाचवीत होती. घरात इतकं कोणीच शिकलं नव्हतं. धारणीची मोटार अमरावतीहून किती वाजता निघते, एवढं डोमाजीने शेजारी विचारून ठेवलं.

रविवारी दुपारी तो पडदा घेऊन शाळेत गेला. कापड याच खोलीतलं, शेवटच्या ताण्याचं, काळ्या रंगात दोनदा बुडवलेलं. ललिता खिळे धरायला सोबत होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पडदा लावून दार ओढलं तशी खोली एकदम गार आणि खोल झाली.

मग समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काहीतरी हललं.

डोमाजी जवळ गेला. भिंतीवर बाहेरचा रस्ता होता, पण उलटा. निंबाचं झाड खाली लोंबत होतं, आभाळ जमिनीशी आलं होतं. एक बैलगाडी चाकं वर करून संथ चालली होती, आवाज मात्र खिडकीतून येत होता. मागून एक बाई गेली. डोक्यावरचा भारा सगळ्यांत खाली, तरी पडत नव्हता. डोमाजीने नकळत त्याखाली हात धरला. बाई त्याच्या तळहातावरून चालत निघून गेली.

त्याने पडदा चाचपला. ज्वारीच्या दाण्याएवढं एक छिद्र राहून गेलं होतं. त्याने सुई काढली.

"बाबा, थांबा! बुजवू नका." ललिता भिंतीशी बसली होती. "उजेड सरळच चालते ना. झाडाच्या शेंड्याचा उजेड छिद्रातून खाली जाते, बुंध्याचा वर येते. म्हून उलटं दिसते."

"तुले कोनं सांगितलं?"

"नववीच्या पुस्तकात हाय. शेजारच्या पोराचं वाचून राहिली मी."

"पुन्यांदा सांग," डोमाजी म्हणाला, आणि तिच्यापाशी जमिनीवर मांडी घालून बसला. तिने बोटाने धुळीत रेघा ओढून दाखवल्या. एक रेघ त्याला कळली नाही, ती त्याने परत काढायला लावली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने भागीरथेला सांगितलं, "धारणीले नाई जात." तिने त्याच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि ती भाकरी थापायला बसली.

जुलैत प्रयोगशाळा सुरू झाली. अमरावतीहून आलेले देवीदास सर अंधाऱ्या खोलीत भिंतीवरचं उलटं झाड दाखवत होते. खिडकीतून वारा आत घुसत होता, म्हणून पडद्याच्या दोन्ही कडा धरून डोमाजी उभा होता.

"असं का दिसतं? कोण सांगेल?"

अंधारात ललिताचा आवाज आला. ती न अडखळता शेवटपर्यंत बोलली.

"शाबास," सर म्हणाले. "डोमाजी, पडदा सोडा."

पडदा तसाच राहिला.

"डोमाजी!"

तेव्हा कुठे हाक आपल्याला आहे हे त्याच्या ध्यानात आलं; या खोलीत बारा वर्षं त्याला सगळे गुरुजीच म्हणत आले होते. त्याने कडा सोडल्या. खोलीत उजेड झाला.