अर्ध्या फळ्यावरचे 'टेक'

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. विक्रोळीच्या चाळीत पाण्याच्या पिंपावर झाकण होऊन पडलो आहे. कधीकाळी कोकणातून आलेल्या मंडळींनी मला सागाच्या फळ्या जोडून घडवून घेतले आणि मंडळाच्या खोलीत मानाने टांगले होते.

माझी कामे दोन. रविवारी कांदिवलीहून सुहासिनीबाई येत आणि दहावीला इंग्रजीत अडकलेल्या पोरींना शिकवत. एरवी मंडळाचे सेक्रेटरी गुणाजी माझ्यावर चाळीच्या बातम्या लिहीत. कोणी वारले की त्याचे नाव लिहायचे आणि तेरावे होईपर्यंत फळ्याला खडू लावायचा नाही, अशी तिथली रीत.

त्या पोरींत द्रौपदी माझी लाडकी. संपात तिच्या वडिलांची गिरणीतली नोकरी सुटली. ती स्वतः ज्या कारखान्यात डबे भरायची, तिथला तो विभाग बंद होणार होता. दहावी पास असेल तिलाच ऑफिसात ठेवणार होते. इंग्रजीने तिला दोनदा पाडले होते. आता पुन्हा पडली, तर चूल कशावर पेटायची?

परीक्षेआधीच्या रविवारी बाईंनी 'टेक' हे क्रियापद घेतले. घेणे, नेणे, वेळ लागणे, फोटो काढणे, औषध पिणे... एवढासा शब्द, पण राबतो किती! माझे अंग भरून गेले. पोरी वहीत उतरवून घेणार, तोच शेजारचे धोंडिराम इस्पितळात वारल्याची बातमी आली. सगळ्या धावल्या. गुणाजींनी ओले फडके फिरवले. मी अक्षरे धरून ठेवायला बघत होतो हो, पण फडक्यापुढे फळ्याचे काय चालते? 'टेक' होते तिथे धोंडिरामांचे नाव आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्रौपदी पोरींना घेऊन आली. पेपर उद्यावर, बाईंचा पत्ता कोणापाशी नाही, घरात बसायला जागा नाही. जिला जो अर्थ आठवेल तो माझ्यावर लिहायचा, असे तिने ठरवले होते. गुणाजी कुलूप घेऊनच उभे होते.

"माणूस गेलाय आणि तुम्हांला इंग्रजी सुचतंय?"

"काका, उद्या माझी वाट लागेल. खालचा कोपरा द्या फक्त."

तेवढ्यात दारात सोनूबाई आल्या, धोंडिरामांची बायको. सुतकात घराचा उंबरा ओलांडून आल्या. त्यांनी माझा खालचा अर्धा भाग पदराने पुसला. "नाव वर ऱ्हवांदे," त्या गुणाजींना म्हणाल्या आणि पोरींकडे वळल्या. "चेडवांनू, खाली लिवा."

एकीला एक अर्थ आठवला, दुसरीला दुसरा. मग द्रौपदीचा खडू थांबला. 'टेक ऑफ'ला बाईंनी हातातल्या बांगड्या काढण्याचे वाक्य दिले होते.

"थांबलंस कित्याक?"

"हा अर्थ सोडते, काकी."

"कसलो अर्थ?"

"अंगावरचं काढून ठेवणे," ती खाली बघत म्हणाली.

सोनूबाईंनी आपल्या रिकाम्या मनगटांकडे पाहिले. माझ्या लाकडात कळ उठली.

"लिव गो," त्या म्हणाल्या. "पेपरात तोच इलो तर?"

द्रौपदीने लिहिले. खडू इतका दाबून, की अंगावर चरे उठले.

ती पास झाली, अगदी काठावर. पण रीत मोडलेला फळा गुणाजींना भिंतीवर नको होता. वर्ग बंद झाला, मी पिंपावर आलो.

मित्रांनो, मला पुन्हा टांगा असे मी म्हणत नाही. ओलीने माझे सांधे सुटले आहेत. एवढेच मागतो. फळा पुसायला फडके उचलाल, तेव्हा आधी मागे वळून विचारा, कोणाचे उतरवायचे राहिले आहे का. आणि कोणी हळूच हात वर केला, तर थांबा.