अश्विनीची तालीम

खर्ड्यात कारभारी आबांचं प्रमाणपत्र सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही कानांनी निम्म्याहून जास्त बहिरे, असं त्यावर शिक्क्यानिशी लिहिलेलं; आणि चावडीच्या पलीकडे कुणी त्यांच्याबद्दल हळू बोललं तरी आबा जागेवरून उत्तर देत. गावाला त्यात वावगं वाटत नसे. साहेबापुढे उभं राहायचं तर जरा कमी होऊन उभं राहावं, पाय धड असला तरी ओढावा, म्हणजे दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के वाढतात, हे ज्ञान आबा सगळ्यांना फुकट देत. बाकी काही ते फुकट देत नसत.

त्यामुळे मिरजगावच्या वसतिगृहाची मॅडम पोरं तपासायला येणार असं कळलं, तेव्हा वैजनाथ सरळ आबांच्या ओट्यावर गेला.

वैजनाथची अश्विनी नऊ वर्षांची. जन्मल्यावर रडायलाच उशीर झाला, तेव्हापासून हातपाय ताठ. उभी राहत नसे, बोलणं तुटक, पण डोकं लख्ख. वसतिगृह अशाच मुलांसाठी होतं. आईबाप ऊसतोडीला गेले की पोरं तिथं राहायची, हंगाम संपला की घरी. जागा मोजक्याच.

वैजनाथला ती जागा हवीच होती. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. पंकजा पोरीपाशी थांबली तर मुकादमाच्या लेखी वैजनाथ अर्धा, आणि अर्ध्या माणसाला मुकादम ट्रकमध्ये घेत नाही. घरी आजी होती, भागूबाई, पण तिला समोरचं ताट दिसत नव्हतं. मागच्या हंगामात अश्विनीला उसाच्या फडावर नेलं होतं. कामाला जाताना पंकजा तिला कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीच्या, मेढीला लुगड्याच्या पट्ट्यानं बांधून जाई, चुलीकडं सरकू नये म्हणून. शेजारच्या चुलीतली ठिणगी पाचटावर पडली आणि कोपी पेटली. पाण्याला आलेल्या एका बाईनं पट्टा कापून पोरीला बाहेर ओढलं. डावी पोटरी तेवढ्यात भाजली होती.

“काय बी काळजी करू नको,” आबा म्हणाले. “जागा थोड्या म्हनल्यावर ज्याचं जास्त वाईट त्याचा नंबर आधी. पोरीला सांग, काय करायचं न्हाई. हात हालवायचा न्हाई. घास दिला तर सोडून द्यायचा.”

“ती तर वाकडा चमचा धरून सोता खाती, आबा. अर्धं झग्यावर सांडती, पन गिळती झकास.”

“मग तेच तर झाकायचं.”

पंकजाला हे पटलं नव्हतं. “खोटं कशाला? हाय ते काय थोडं हाय का?” पण सासू म्हणाली, आबांमुळं चार घरांचं भलं झालंय, तुझं ग्यान तुझ्यापाशी ठिव. मग तालीम सुरू झाली. आबा रोज संध्याकाळी येत आणि मॅडम होत. लाडू पुढं करत, कुरवाळत, डोळे वटारत. अश्विनीला हे फार आवडलं. तिच्याकडून कुणी काही करून घेतंय आणि ते तिला जमतंय, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून आबांचा लाडू तिच्या ओठाशी तसाच राहू लागला.

“बापानं खा म्हनलं तर?” आबा विचारत.

ती मान हलवे. नाही.

“आईनं म्हनलं तर?”

नाही.

“हिला म्हनत्यात हुशार,” आबा म्हणत, आणि लाडू स्वतः खात.

तपासणी शाळेच्या वर्गात झाली. मॅडमचं नाव मोनिका. वय फार तर पंचवीस, बोलणं शांत. तिनं आधीच सांगितलं, “मी टक्के काढत नाही. पोर रोज घरी काय करते, तेवढं बघते. एखाद्या दिवशी जास्तीत जास्त काय जमलं ते नको, रोजचं सांगा. चालणं, हात, बोलणं, खाणं. प्रत्येकाच्या पाच पातळ्या. एक म्हणजे सगळं जमतं, पाच म्हणजे काहीच नाही.”

वैजनाथनं आबांकडं पाहिलं. आबांनी डोळे मिटून होकार दिला. त्यांना ऐकू आलं होतं.

“खाताना ठसका लागतो का, दादा?”

“लई. रोज. जीवच जातो की काय वाटतं.”

“पाणी पिताना?”

“पान्यानं तर जास्तच.”

पंकजा काही बोलायला गेली. भागूबाईनं तिचा पदर चाचपून ओढला.

मोनिकानं मऊ भाताचा चमचा दिला. अश्विनीनं घास तोंडात धरला आणि सावकाश बाहेर सोडला. पाणी दिलं, ते हनुवटीवरून ओघळलं. चमचा हातात दिला, तो मांडीवर पडला. मोनिकानं दोनदा, तीनदा पाहिलं, घशाला बोट लावून पाहिलं, आणि लिहिलं.

“खाण्याची पातळी पाच.”

“पाचापैकी पाच,” आबा हळूच म्हणाले. वैजनाथचा चेहरा उजळला.

“मग जागा पक्की ना, मॅडम?”

“नाही, दादा. खाण्यात आम्ही तिसऱ्या पातळीपर्यंतच घेतो. भरवायला आमच्याकडं दोनच मावशा आहेत. घास श्वासनलिकेत गेला तर मूल हातातल्या हातात जातं. हिला आधी नगरला मोठ्या दवाखान्यात दाखवा. तिथला कागद आणला की बघू.”

मग पंकजा पुढं झाली.

“मॅडम, ती खाती. सोता खाती. ह्यांनी खोटं सांगितलं. ठसका कवा लागला न्हाई तिला.”

“पातळी ऐकली की सगळे असंच म्हणतात, ताई,” मोनिका म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तरी मी परत बघते. चला.”

तिनं दुसरी वाटी भरली. पंकजानं चमचा पोरीच्या मुठीत बसवला, जसा रोज बसवत असे.

“खा गं, अश्वे. मॅडमला दाखव.”

अश्विनीनं आईकडं पाहिलं, मग आबांकडं. मूठ सोडली.

“खा की, बाळा,” वैजनाथ म्हणाला.

तिनं मान हलवली. तिला हसू येत होतं. ते दाबायला तिनं ओठ आवळले.

“आबा, सांगा की तिला.”

आबा वाकून म्हणाले, “तालीम संपली, पोरी. आता खायाचं.” पण हे तर ते रोजच म्हणत, फसवायला. अश्विनीनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

पंकजानं घास जबरदस्तीनं कोंबला. पोर दचकली, घास अडकला आणि खरा ठसका लागला. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं. मोनिकानं तिला पालथं धरून पाठीवर थापा मारल्या. घास पडला. मग तिनं वाटी झाकून ठेवली.

“मी सोमवारनंतर पुन्हा येऊ शकते. घरी येईन, तुम्ही रोज भरवता त्या वेळी.”

“टोळी रविवारी निघती,” वैजनाथ म्हणाला.

“मुकादमाला दोन दिवस मागा.”

यावर वैजनाथ नुसता हसला. मॅडम शहरातली होती.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, “ह्या खाजगीवाल्यांचं उलटंच असतंय. सरकारी असतं तर झालं असतं बघ.” वैजनाथ पुढं चालू लागला. पहिल्यांदाच आबा खरोखर बहिरे असल्यासारखे उभे राहिले, आणि मग पाराकडं वळले.

पंकजानं अश्विनीला कडेवर घेतलं. पोर आता जड झाली होती. ताठ पाय आईच्या कमरेवर आपटत होते. वेशीपाशी अश्विनीनं शब्द जुळवले, एकेक करून, जसे नेहमी जुळवायची.

“मी... खाल्लं... न्हाई.”

“न्हाई खाल्लंस.”

“मिर... मिरजगाव?”

पंकजानं तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. घरी गेल्यावर तिनं ट्रंकेतून जुनं लुगडं काढलं, मागच्यापेक्षा रुंद पट्टा फाडला, आणि चुलीपासून लांब बांधता येईल एवढा लांब आहे का ते उंबऱ्याशी हातानं मापून पाहिलं.