फुर्कावरून कोरडा आलेला माणूस

डोंगर खोटं बोलत नाही, आणि जो आपल्या पायांनी डोंगर चढतो त्याच्या अंगात खोटं बोलण्याइतका दम उरत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या तीन घाट सायकल मंडळाच्या दारावर, लार्चच्या लाकडाच्या फळीवर, जाळून कोरलेलं आहे. त्याच्या बरोबर खाली एक पत्र्याची पाटी आहे: "सायकलींना कुलूप लावा. सदस्यांनीसुद्धा."

मी या मंडळाचा चिटणीस. नाव वेंडेलिन. सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं, आणि जे बोलायला नको होतं ते गाळायचं, हे माझं काम. एकवीस वर्षं करतोय.

आमची वर्षातली एकच मोठी फेरी असते, ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी. पहाटे वासनहून निघायचं, सुस्टनचा घाट चढायचा, पलीकडे पार खाली उतरायचं, मग ग्रिम्सल चढायचा, जो संपतच नाही. मग ग्लेचला थोडं उतरून समोर भिंतीसारखा उभा फुर्का. तिथून आंडरमाटवरून घरी. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, आणि चढ इतका की तिसऱ्या घाटात माणसाला आपल्या लग्नासकट सगळे निर्णय चुकीचे वाटू लागतात. प्रत्येक खिंडीतल्या खानावळीत कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्क्याखाली पेनानं वेळ लिहून देतात. तीन शिक्के म्हणजे फेरी झाली. पंचवीस फेऱ्या झाल्या की मंडळ घंटा देतं. गाईच्या गळ्यातली, पितळी, आठ किलोची, चामड्याच्या पट्ट्यावर नावाचं भरतकाम केलेली. आमच्या खोऱ्यात माणसाला यापेक्षा मोठं काही मिळत नाही. आजवर दोघांना मिळाली आणि दोघंही आता दफनभूमीत आहेत. घंटा त्यांच्या सुनांकडे आहेत.

यंदा कास्पर रेग्लीची पंचविसावी होती. वय सत्तर. पाच वर्षांपूर्वीपर्यंत कँटनच्या, म्हणजे इथल्या प्रांत सरकारच्या, बर्फ काढायच्या गाडीवर ड्रायव्हर होता. बायको गेल्यापासून वरच्या वस्तीत एकटा राहतो आणि दिवसाला साधारण नऊ वाक्यं बोलतो. त्याला ती घंटा हवी होती. तो कधी तसं म्हणाला नाही, पण त्याच्या स्वयंपाकघरात चुलीवर एक जाड खिळा ठोकलेला आहे आणि त्यावर दोन वर्षं काहीही टांगलेलं नाही.

त्या रविवारी दुपारी दोनला फुर्कावर पाऊस सुरू झाला. बर्फाच्या पाण्यासारखा गार आणि आडवा. एकेक जण मंडळाच्या दारात पोचत होता तो भांडी पुसायच्या फडक्यासारखा. मी स्वतः बूट उलटे करून त्यातलं पाणी कुंडीत ओतलं. सगळ्यांच्या आधी पोचलेला कास्पर मात्र आत बाकावर बसून बार्लीचं सूप पीत होता.

कोरडा.

हे पहिल्यांदा मेल्कच्या लक्षात आलं. मेल्कचं चीजचं तळघर आहे आणि त्याच्या एकोणीस फेऱ्या झाल्यात. त्यानं कास्परच्या पाठीवर थाप मारली, अभिनंदन केलं, आणि हात जरा जास्त वेळ पाठीवर ठेवला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वेंडेलिन, शर्ट कडकडीत कोरडा आहे. कुठेतरी पाणी मुरतंय."

मी म्हटलं, पाणी मुरलं असतं तर शर्ट ओला असता.

"हसू नकोस. फुर्कावरून कोरडं यायची एकच वाट आहे, आणि ती पिवळी असते."

पिवळी म्हणजे पोस्टाची बस. ती तिन्ही घाटांतून जाते, मागे सायकली अडकवायला आकडे असतात, पाच मिनिटं आधी जाऊन उभं राहिलं तर ड्रायव्हर स्वतः सायकल लावून देतो. आणि सीटखालून गरम हवा येते.

हे मला कसं माहीत? वाचकापासून काय लपवायचं. तीन वर्षांपूर्वी ग्लेचला गारा पडत होत्या, गुडघा ठणकत होता आणि बस उभी होती. ग्लेच ते फुर्काची खिंड, पुढचं सगळं सायकलनं. त्या वर्षीची माझी फेरी वहीत पूर्ण म्हणून नोंदलेली आहे, कारण वही मीच लिहितो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझ्या मनात त्या दिवसापासून पौर्णिमा आहे. त्यामुळे मेल्कनं पिवळी म्हणताच मला कास्परबद्दल खात्रीच पटली. त्या मोहाची ताकद मला ठाऊक होती.

पुढच्या आठवड्यात खोऱ्यात दुसरा विषय नव्हता. मेल्कनं कास्परचं कार्ड माझ्याकडून पाहायला म्हणून नेलं आणि स्वयंपाकघरात सुतळीला टांगलेलं बसचं वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. ग्रिम्सलचा शिक्का बारा पस्तीस. बस बारा पस्तीसला. फुर्काचा दोन पंधरा. बस दोन पंधराला. मिनिटाचा फरक नाही. बेकरीत हे कळलं तेव्हा रांगेतल्या बायका पाव घ्यायचं विसरल्या. मग एकेकाला एकेक आठवू लागलं. कास्पर बसच्या ड्रायव्हरला नावानं हाक मारतो. (आम्ही सगळेच मारतो. तो इथलाच आहे.) कास्परला त्या संध्याकाळी मेल्कनं सहज म्हटलं, बरा भिजला नाहीस, तर तो म्हणाला, "हवा बरी होती," आणि कानापर्यंत लाल झाला. परवा तो अंधाऱ्या कोठारात काहीतरी लपवताना दिसला. बेकरीवाली म्हणाली, आता तो पूर्वीपेक्षा जास्त गप्प असतो. दिवसाला नऊ वाक्यांचा माणूस जास्त गप्प होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे कोणी विचारलं नाही.

खुद्द कास्परलाही कोणी काही विचारलं नाही. आमच्याकडे एखाद्यावर संशय घेतला तर त्याला सोडून सगळ्यांना विचारतात. त्यालाच विचारणं असभ्यपणाचं.

मंडळाच्या अध्यक्ष आग्नेसबाई. वय ब्याऐंशी. निम्म्या खोऱ्याला त्यांनी शाळेत शिकवलंय, कास्परलाही. सत्तरीपर्यंत त्यांनी स्वतः चौदा फेऱ्या मारल्या. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की रविवारी सभा आहे, घंटेवर मतदान आहे, नाव भरायला कारागिराला धागा देऊन झालाय. तेव्हा फुर्कावर जाऊन खरंखोटं करून ये आणि लेखी दे. मी विचारलं, मीच का. त्या म्हणाल्या, "कारण तू वहीत काय गाळतोस ते मला माहीत आहे."

यावर अधिक चौकशी करणं मला सोयीचं नव्हतं.

गुरुवारी मी फुर्कावर गेलो. बसनं गेलो. चौकशीला जाताना माणसानं दमून जाऊ नये. खिंडीतल्या खानावळीची मालकीण रोझालिया पावाचं पीठ मळत होती. तिला म्हटलं, गेल्या रविवारी कास्पर आला होता, तो कशावरून उतरला, सायकलवरून की आणखी कशावरून? तिनं सांगितलं की तिला बाहेरचं काही दिसत नाही. ती स्वयंपाकघरात असते. सायकलवाले येतात, कार्डं गल्ल्याजवळच्या टोपलीत टाकतात, सूप पितात, बाथरूमला जातात. ती बसचा भोंगा वाजला की बाहेर येते, कारण तेव्हा गिऱ्हाईक येतं, आणि तेव्हाच टोपलीतल्या कार्डांवर एकदम शिक्के मारते.

"आणि वेळ?"

"वेळ बसचीच लिहिते. भिंतीवरचं घड्याळ इस्टरपासून बंद आहे. बस काही बंद पडत नाही."

ग्रिम्सलवर तिची बहीण बसते. तिचंही असंच आहे म्हणाली.

मी परतीच्या बसमध्ये बसलो आणि पिशवीतली सगळ्यांची कार्डं काढली. एकेक वेळापत्रकाशी ताडून पाहिलं. मेल्क: बारा पस्तीस, चार पंधरा. दोन्ही बसच्या वेळा. बेकरीवालीचा नवरा, तोच प्रकार. मी स्वतः, तोच प्रकार. सत्तावीस कार्डं, आणि प्रत्येक माणूस बसनं आल्यासारखा. मेल्कला एका कार्डात जे दिसलं ते आपल्याच कार्डात बघावं असं त्याला सुचलं नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं.

म्हणजे कास्परविरुद्ध पुरावा नव्हता. पण कोणाच्याच बाजूनं नव्हता. आणि तो कोरडा शर्ट अजून कोरडाच होता. मी ठरवलं, अहवालात लिहायचं: "शिक्क्यांवरून निष्कर्ष काढता येत नाही," आणि पुढचं बाईंनी बघावं. माझ्यापुरतं बोलायचं तर मला एवढंच हवं होतं, की कोणी निष्कर्ष काढायला बसू नये.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर दुपारी सभा भरली. घंटा टेबलावर होती, पांढऱ्या कापडाखाली. कास्पर शेवटच्या बाकावर पायाशी मोठी पिशवी घेऊन बसला होता आणि त्या कापडाकडे बघत नव्हता, इतक्या निश्चयानं, की सगळ्यांना ते दिसत होतं.

मी अहवाल वाचला. टोपली, भोंगा, बंद घड्याळ. लोक एकमेकांच्या कार्डांकडे बघू लागले. मेल्क उठला आणि म्हणाला, शिक्के राहू देत, शर्टाचं काय. बाईंनी चष्मा पुसला.

"कास्पर, तुला काही सांगायचंय का?"

कास्पर उभा राहिला. त्याचा चेहरा चीजसारखा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "हो बाई. मला माहीत होतं हे कधीतरी निघणार." त्यानं पिशवीतून एक नारिंगी रबरी कोट काढला, अंगठ्याएवढी बटणं असलेला, पाठीवर कँटनचं चिन्ह असलेला, आणि घंटेशेजारी ठेवला. टेबल हललं. "निवृत्त झालो तेव्हा परत करायचा होता. केला नाही. पाच वर्षं झाली. फेरीला सायकलला बांधून नेतो आणि गावाच्या आधी घडी करून ठेवतो, कोणी बघू नये म्हणून. कोट कँटनचा आहे."

मेल्कनं कोट उचलून पाहिला. तीन किलो तरी होता.

"एवढं वजन घेऊन तू तीन घाट चढलास?" त्यानं विचारलं.

"पाऊस लागतो ना."

"अरे पण बस..."

"कसली बस?" कास्परनं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. आठवडाभर सगळं खोरं बोलत होतं आणि त्याच्यापर्यंत एक शब्द पोचला नव्हता. बाईंनी त्याला दोन वाक्यांत समजावलं. त्यानं थोडा विचार केला. "बसला तिकीट लागतं," तो म्हणाला.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आग्नेसबाईंनी साठ वर्षांपूर्वी शिक्षिकेची नोकरी धरली आणि ती त्यांच्या अंगातून अजून गेलेली नाही. त्या म्हणाल्या, संशय एकावर घेतला तर नियम सगळ्यांना. "ज्यांनी आजवरच्या एकाही फेरीत बस घेतली नाही, त्यांनी हात वर करावा."

कास्परचा हात वर गेला. सरळ, शाळेतल्यासारखा.

मी लिहीत असल्यामुळे माझे हात गुंतलेले होते. मेल्कचा हात निघाला, खांद्यापर्यंत आला आणि कान खाजवायला वळला. बेकरीवालीच्या नवऱ्याला खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. कोणी बुटाची नाडी बांधत होतं, कोणी सोडत होतं. मी मान वर करून बाईंकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, एकावर एक, आणि त्या ते पहिल्यांदाच बघितल्यासारखे बघत होत्या.

मान वर न करता त्या म्हणाल्या, "वेंडेलिन, लिही. एक."

मी लिहिलं. हे गाळलं नाही.

मग त्यांनी कापड काढलं. घंटा खरंच सुंदर होती, पट्ट्यावर लाल धाग्यात कास्परचं नाव. बाई आणि मी, दोघांनी मिळून ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती छातीशी धरली, तर आत एकदाच बारीक ठण्ण झालं, आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत, हात मोकळे नव्हते. बाईंनी चार पानी भाषण उघडलं. प्रामाणिकपणा, पर्वत, पूर्वज, या क्रमानं. पहिल्या पानाच्या मध्यावर त्या पूर्वीच्या दोन घंटाधारकांविषयी बोलत असताना कास्परनं घसा साफ केला.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण जरा आवरतं घेता का? ही घेऊन मला वर वस्तीपर्यंत सायकल चढवणार नाही. चार दहाची बस गाठायचीय."