नानांचा नारळ

नानासोंनी फेकलेली दहाची नोट शिवांजलीनं खर्चली नव्हती. कंपासपेटीत जपली होती, वेळ आली की परत करायला.

वडूजच्या पुढं त्यांची वाडी. तिथं नानासोंचं खताचं दुकान, सदा गजबजलेलं. गणपती बसायच्या आधी दहावीतली शिवांजली पावतीपुस्तक घेऊन तिथं गेली आणि ठणकावून म्हणाली, "नाना, बायकांच्या छातीच्या कॅन्सरचं शिबिर घेतोय. सांगलीहून तपासणीची गाडी आणायची हाय. वर्गणी द्या."

सगळ्या गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. नानासो कडाडले, "लाज न्हाई वाटत? बाप्या माणसांत असलं बोलतीस! तुझी काकी बघ. मेली, पर चकार शब्द काढला न्हाई. त्याला म्हणत्यात घरंदाज!" मग नोट भिरकावली. "घे, खाऊ खा जा." गिऱ्हाइकं खदाखदा हसली.

गाठ लपवत राहिली म्हणूनच तर काकी गेली होती! शिवांजलीनं वाकून नोट उचलली आणि तिथंच ठरवलं, हा शब्द नानासोंच्याच तोंडून वदवायचा. अख्ख्या गावापुढं.

वाडीची रीत अशी, की विसर्जनाच्या आदल्या सांजेला गणपतीपुढच्या नारळाचा लिलाव व्हायचा आणि जिंकणाऱ्यानं आपला पैसा कशाला दिला ते माईकवर सांगायचं. नारळ दरसाल नानासोंचाच. औंदाचा पैसा शिबिराला, हे तिनं मंडळाच्या पोरांकडून कबूल करून घेतलं. उरला आकाराम. बांधावरनं नानासोंशी त्याचं हाडवैर. त्याच्या कानात तिनं हळूच सोडलं, "आवं आकारामतात्या, नाना म्हणत्यात, तुमी औंदा नारळाकडं बघायचं पण न्हाई."

"असं म्हणतोय व्हय?" आकारामच्या मिशा थरथरल्या.

लिलावाला माईक शिवांजलीच्या हातात. "औंदाचा पैसा गावच्या आरोग्याच्या शिबिराला!" ती ओरडली. नानासोंचं ध्यान मात्र आकारामवरच.

"पाच हजार!" आकाराम.

"सात!"

"दहा!"

"पंधरा हजार!" नानासो उभे राहून गरजले. आकाराम खाली बसला. टाळ्या, शिट्ट्या, हलगीचा कडकडाट! नानासो फेटा सावरत पुढं आले. शिवांजलीनं नारळ दिला. माईकही दिला.

"आरोग्याच्या शिबिराला," नानासो म्हणाले.

"कसल्या शिबिराला, नाना? रीत हाय."

नानासोंना आत्ता उमगलं. कानशिलं लालबुंद झाली. नारळ टाकावा तर देवाचा, पळावं तर आकाराम दात काढून बसलेला.

"बोला की वो!" बायकांतून त्यांच्याच कारभारणीचा, हरणाबाईंचा आवाज आला. "आमाला कळू दे तरी!"

"छा... छातीच्या कॅन्सरच्या..."

"मोठ्यानं, नाना. माझी काकी पार मागं बसायची. तिथवर पोचंना."

नानासोंनी डोळे मिटले. "छातीच्या कॅन्सरच्या शिबिराला!"

भोंग्यातून ते पार ओढ्यापल्याड गेलं. बायकांत हरणाबाईंनीच पहिली टाळी वाजवली.

शिवांजलीनं कंपासपेटी उघडली आणि नोट त्यांच्या नारळावर ठेवली.

"घ्या नाना. खाऊ खा जावा."